न वापरलेल्या ताकदीची गोष्ट

ऑस्ट्रेलियात 2007 साली टोयोटाने लँडक्रूझर 70 या आपल्या जुन्या, पत्र्याच्या पेटीसारख्या गाडीत 4.5 लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, डिझेल इंजिन बसवलं. हेच इंजिन त्यांच्या महागड्या लँडक्रूझर 200 मध्येही होतं. तिथे त्याला दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) होते आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 650 न्यूटन-मीटर होता. 70 मध्ये मात्र एकच टर्बो, आणि टॉर्क जेमतेम 430. तरीही ट्रेलर ओढायची मर्यादा दोघींची सारखीच, 3,500 किलो. म्हणजे एक तृतीयांश ताकद कंपनीने मुद्दाम झोपवून ठेवली होती. का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

(मुंबई-पुण्याच्या वाचकाला ‘टोइंग’ म्हटलं की नो पार्किंगमधून उचललेली स्कूटर आठवते. इथे विषय गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरचा, बोटीचा, कॅरव्हॅनचा आहे.)

या सगळ्या गाड्यांचं मूळ 1941 च्या विलीस जीपमध्ये आहे. 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, 60 हॉर्सपॉवर, हलकं अंग. युद्ध संपल्यावर तिची मुलं जगभर वाढली. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर एक जुनी जीप होती. तिच्यावरून लँड रोव्हर सुचली आणि एप्रिल 1948 मध्ये ती अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. पोलादाचं रेशनिंग असल्याने बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, इंजिन 1.6 लिटरचं, 50 हॉर्सपॉवरचं. चिखलात, उतारावर, दगडांत ती अप्रतिम चाले, कारण तिला लो रेंजचे गिअर होते. छोट्या इंजिनाचं बळ ते गिअर कित्येक पटींनी वाढवत.

जपानमध्ये 1951 साली टोयोटाने जी बीजे गाडी बनवली, तिला लो रेंज नव्हतीच. कागदावर बघाल तर लँड रोव्हरपुढे ती कच्ची. पण टोयोटाकडे जीपजोगं छोटं इंजिनच नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ ट्रकचं 3.4 लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन तिच्यात टाकलं. त्याच वर्षी ही गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली. 1954 मध्ये तिचं नाव लँडक्रूझर झालं. माझ्या मते या गाडीच्या टिकाऊपणाची कीर्ती सुरू झाली ती अशा नाइलाजातून. इंजिन कामापेक्षा मोठं होतं, त्यामुळे ते कधी धापा टाकत नसे.

खरी कसोटी लागली ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्स योजनेत. 1949 ते 1974 अशी पंचवीस वर्षं चाललेलं हे काम: 16 मोठी धरणं, 7 वीजकेंद्रं, 145 किलोमीटरचे बोगदे, एक लाखाहून अधिक कामगार. सुरुवातीला तिथे लँड रोव्हरचं राज्य होतं. पण भरलेली गाडी रोज डोंगरात हाकायची म्हटली की तिचा मागचा हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटे. योजनेतले ठेकेदार लेस्ली थीस यांनी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लँडक्रूझर मागवल्या आणि पुढे ते तिचे वितरकच बनले. धरणाच्या कामावर गाडी किती कठीण जागी जाते, यापेक्षा ती सोमवारी सकाळी पुन्हा सुरू होते का, हा प्रश्न मोठा असतो.

विलीसचं आपल्याकडचं अपत्य म्हणजे महिंद्रा जीप. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून ती मुंबईत जोडली जाऊ लागली. पुढे तिला प्यूजो बनावटीचं संथ डिझेल इंजिन मिळालं, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या वडापवाल्यांनी त्याच्यावर किती माणसं लादली हे त्या भागातल्या वाचकाला सांगायला नको. ताकद कमी, पण गावातला मिस्त्री ती झाडाखाली उघडून बसे. टिकाऊपणाचा हाही एक अर्थ.

अमेरिकेत मात्र गणित वेगळ्या दिशेला गेलं. तिथे पिकअप विकला जातो तो ओढायच्या आकड्यावर, आणि हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवत असे. अखेर 2008 मध्ये जे2807 नावाचं मानक आलं. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ, भर उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून, ट्रेलरसह ठराविक वेगाने चढावा लागतो. ते आधी टोयोटाने स्वीकारलं. अमेरिकन कंपन्यांना आणखी काही वर्षं लागली. आकडा वाढवायचा आणि इंधनही वाचवायचं, तर छोट्या इंजिनाला टर्बो लावणं आलं. फोर्डने 2011 च्या एफ-150 पिकअपमध्ये ते केलं. 2022 च्या टुंड्रा पिकअपमध्ये टोयोटानेही जुनं 5.7 लिटरचं व्ही-एट काढून दोन टर्बोंचं 3.4 लिटरचं व्ही-सिक्स बसवलं. ओढायची क्षमता वाढून 5,400 किलोच्या वर गेली. मे 2024 मध्ये त्यातल्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण इंजिनात कारखान्यातल्या कटिंगचा कीस राहिला होता.

“बघा, छोटं इंजिन ताणलं की असं होतं,” असं लगेच म्हटलं गेलं. पण एप्रिल 2025 मध्ये जनरल मोटर्सने 6.2 लिटरच्या, बिनटर्बोच्या व्ही-एटसाठी अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. तिथेही दोष घडणीतलाच होता. मोठं इंजिन हे विमा असतं, हमी नव्हे. पुरवठादाराने क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) नीट घासला नसेल, तर राखून ठेवलेली ताकद काय कामाची?

लँडक्रूझर 70 मधलं ते झोपवलेलं व्ही-एट 2024 मध्ये बंद झालं. आता तिच्यात 2.8 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल असतं. टॉर्क 500 न्यूटन-मीटर, व्ही-एटहून 70 जास्त. ट्रेलरची मर्यादा तीच, 3,500 किलो. हे इंजिन 2015 पासून टोयोटाच्या इतर गाड्यांत राबून आलेलं आहे. आपल्याकडच्या फॉर्च्युनरमध्येही तेच. तिच्यामागे मात्र ट्रेलरऐवजी बहुधा पुढाऱ्यांचा ताफा असतो.