आर्म वाकलाय की कोन बदललाय?

थार लिफ्ट करायची, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून दोन इंच उंच करायची, एखाद्या ओढ्यात दगडावर आपटायची आणि मग विचारायचं, "गाडी डावीकडे ओढतेय, टायर आतून खातेय, कुठले अप्पर आर्म घेऊ?" यावर मी उलट एकच विचारतो: बिघाड एका बाजूला की दोन्ही बाजूंना? बहुतेक जण इथेच गप्प होतात. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजलेला, कागद घेतलेलाच नसतो, किंवा घेतला तरी पाहिलेला नसतो.

हे सगळं २०२० पासूनच्या थारबद्दल चाललंय. तिला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला चासीशी जोडणारा एक वरचा (अप्पर) आणि एक खालचा आर्म असतो. आधीच्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) होते आणि मागे पाटे. जिप्सीला चारही चाकांवर पाटे, म्हणून तिथे हा प्रश्नच नाही. आणि जिम्नीवाल्यांनो, तुमच्या गाडीला पुढे आणि मागे सलग अ‍ॅक्सल आहे, अप्पर आर्म नाहीच. दुकानदार विकायला तयार असला तरी नाही.

वाकलेला आर्म सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. दगड लागतो तो बहुधा खालच्या आर्मला. घडी पडते, रंग तडकतो, दोन पावसांनंतर त्या तड्यात गंज धरतो. चिखल धुतल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. एवढंच.

घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. गाडी उचलली की एकही भाग खराब नसताना अगदी हीच लक्षणं दिसू शकतात.

हात खांद्याच्या रेषेत आडवा धरा आणि हळूहळू खाली न्या. बोटं आधी जवळपास सरळ खाली जातात, मग अंगाकडे येऊ लागतात. आर्मचंही तसंच होतं. तो ३०० मिमी लांब आणि सुरुवातीला आडवा आहे असं धरलं, तर पहिल्या इंचाला त्याचं टोक जेमतेम १ मिमी आत येतं, दुसऱ्या इंचाला आणखी ३ आणि तिसऱ्याला आणखी ५ च्या वर. म्हणून "दोन इंचाला काही झालं नाही, तिसऱ्याने काय होणार" हा हिशेब चुकतो. त्यात वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो. दोघांची टोकं सारखी सरकत नाहीत, चाक कलतं आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. स्टीअरिंगकडून चाकाला वळवणारा टाय रॉडही झुकतो, त्यामुळे टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर असणं) बिघडतो. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, मग वळणानंतर स्टीअरिंग पूर्वीसारखं आपणहून सरळ होत नाही आणि एक्स्प्रेसवेवर गाडी तरंगल्यासारखी वाटते. मालक म्हणतो, आर्म गेला. आर्म ठणठणीत असतो, फक्त भलत्या कोनात उभा असतो.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. लिफ्ट दोन्ही बाजूंना सारखी झालेली असते, दगड एकाच बाजूला लागलेला असतो. डाव्या-उजव्या चाकांचे आकडे साधारण सारखेच बिघडलेले असतील तर दोष कोनाचा. एकच बाजू वेडीवाकडी असेल तर काहीतरी वाकलंय. मात्र हे आकडे अलाइनमेंटच्या आधीचे हवेत. मशीनवाला शिम (पातळ पट्ट्या) घालून किंवा कोन बदलणारे कॅम बोल्ट फिरवून स्क्रीन हिरवी करून देतो आणि वाकलेला आर्म त्या हिरव्यामागे लपतो. "सगळं हिरवं आहे सर" या वाक्याची मला चीड आहे. हिरवं करायला डाव्या बाजूला किती फिरवलं आणि उजव्या बाजूला किती, ते सांगा!

मशीन नसेल तर टेप घ्या. आर्मच्या आतल्या बोल्टच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या (चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मग चाकं सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर, तेही दोन्हीकडे. आर्म सारखे निघाले आणि हबचं अंतर वेगळं आलं, तर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा चासीवरचा ब्रॅकेट बघा. मागच्या अ‍ॅक्सलची एखादी लिंकही वाकलेली असू शकते.

माझ्या एका मित्राला अशाच गाडीसाठी गॅरेजने चकचकीत ट्यूबचे अप्पर आर्म बसवून दिले. गाडी ओढतच राहिली. प्रेशरने धुतल्यावर खालच्या डाव्या आर्मला अंगठा मावेल एवढी घडी निघाली. वरचे आर्म वाईट नव्हते, पण ते दुसऱ्याच रोगाचं औषध होतं.

तेव्हा खालचा वाकला तर कंपनीचाच नवा घ्या. गाडीचा भार स्प्रिंगमधून त्याच्यावर येतो, तिथे हौस नको. तापवून, ठोकून सरळ करून देणारे भेटतात, वेल्डिंगची पट्टी मारून "आता पहिल्यापेक्षा मजबूत" म्हणणारेही भेटतात. दोघांना नमस्कार करून पुढे जा. वरचे ट्यूबचे आर्म घ्यायचे ते कोन सुधारण्यासाठी: कॅस्टर परत मिळतो आणि बॉल जॉइंटला झुकायला जागा राहते. स्पेसरची, म्हणजे ठोकळा घालून केलेली, लिफ्ट असेल तर चाक लोंबताना आर्म कंपनीने ठरवल्यापेक्षा खाली जातो, कंपनीचा बॉल जॉइंट त्याच्या टोकाला भिडतो आणि लवकर मरतो. तिथे पुन्हा तोच मूळ अप्पर आर्म बसवणं म्हणजे सहा महिन्यांनी परत त्याच गॅरेजात जाणं. दीड इंचापर्यंतच्या लिफ्टला मात्र मी मूळचेच ठेवीन आणि उरलेले पैसे टायरला लावीन.

आता बुश. आर्मच्या आतल्या टोकाला बोल्टभोवती बसणारा हा रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने जखडलेली असते आणि आर्म हलतो तो रबर पिळूनच. मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, चाक लोंबत असतानाच बोल्ट पक्के आवळतो आणि गाडी खाली सोडतो. त्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग कोणीतरी निदान करतं, "आर्म गेला." बोल्ट आधी नुसते हाताने बसवा, चाकं जमिनीवर टेकवून गाडी पुढे-मागे ढकला आणि मगच टॉर्क रेंचने आवळा.

लिफ्ट केलेल्या गाडीत याला एक पुरवणी आहे आणि ती जवळपास कोणीच पाळत नाही. एकही आर्म बदलला नसला तरी लिफ्टनंतर सगळे आर्म-बोल्ट सैल करून नव्या उंचीवर परत आवळावे लागतात. नाहीतर कंपनीने जुन्या उंचीला आवळलेले बुश पहिल्या दिवसापासून पिळलेले. लिफ्ट बसवून घेताना समोर उभे राहा आणि हे झालं का ते डोळ्यांनी बघा. अलाइनमेंट त्यानंतर, आधी नाही.