शुल्त्स, मार्टिन

शुल्त्स, मार्टिन : (२० डिसेंबर १९५५ – ). जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी व यूरोपीय संसदेचे अध्यक्ष (२०१२–१७). जन्म आखेनजवळील हेलरात येथे. विद्यापीठप्रवेशाची परीक्षा न देताच त्यांनी शाळा सोडली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे फुटबॉलपटू होण्याची आशा मावळली आणि दारूचे व्यसन जडले. त्यातून सावरून त्यांनी व्युर्झेलेन येथे पुस्तकांचे दुकान काढले. पक्षाचे सदस्यत्व त्यांनी १९७४ मध्येच घेतले होते. ३१ व्या वर्षी ते व्युर्झेलेनचे महापौर झाले (१९८७–९८). संघराज्याच्या मंत्रिमंडळात ते कधीही नव्हते, ही बाब त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

१९९४ मध्ये ते यूरोपीय संसदेवर निवडून आले. जुलै २००३ मध्ये इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्यावर त्यांनी सभागृहात टीका केली. उत्तरादाखल बेर्लुस्कोनींनी त्यांना चित्रपटात छळछावणीतील ‘कापो’ची (सहकैद्यांवर देखरेख करणाऱ्या कैद्याची) भूमिका देऊ केली, तेव्हा शुल्त्स यांचे नाव यूरोपभर झाले. २००४ ते २०१२ या काळात ते समाजवादी गटाचे नेते होते. दोन मोठ्या गटांनी पाच वर्षांचा काळ वाटून घेण्याच्या जुन्या रिवाजानुसार जानेवारी २०१२ मध्ये अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी यूरोपीय संघाला मिळालेला शांततेचा नोबेल पुरस्कार ऑस्लो येथे स्वीकारणाऱ्या तिघांत ते होते.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे ‘श्पिट्झेनकांडिडाट’ पद्धती, अर्थात यूरोपीय पक्षांनी यूरोपीय आयोगाच्या (संघाच्या कार्यकारी मंडळाच्या) अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणुकीपूर्वीच जाहीर करणे. तिचा उगम कोठे, याविषयी एकमत नाही. काही जण तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोगाचे माजी अध्यक्ष झाक देलॉर यांनी पुरस्कारलेल्या कल्पनेत पाहतात; काही संघाच्या रचनेविषयीच्या लिस्बन करारात (अंमल १ डिसेंबर २००९). त्याने सुधारलेल्या यूरोपीय संघविषयक कराराच्या कलम १७ (७) अन्वये सदस्यराष्ट्रांच्या प्रमुखांची यूरोपीय परिषद निवडणुका ‘विचारात घेऊन’ विशेष बहुमताने नाव सुचविते व संसद एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने त्यास निवडते. विजयी पक्षाच्या उमेदवाराचेच नाव सुचविले पाहिजे, असे या शब्दांतून निघत नाही, असा परिषदेच्या बाजूने युक्तिवाद होतो. संसदेने मात्र नोव्हेंबर २०१२ च्या ठरावात पक्षांना उमेदवार देण्याचे आवाहन केले. कलमाने वाव दिला व संसदेतील पक्षांनी तो राजकीय रेट्याने व्यापला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. त्या रेट्यात शुल्त्स यांचा वाटा मोठा होता.

१ मार्च २०१४ रोजी रोम येथे यूरोपीय समाजवाद्यांनी त्यांना उमेदवारी दिली. मेमधील निवडणुकीत ७५१ पैकी यूरोपीय पीपल्स पार्टीच्या गटाला २२१, तर समाजवादी गटाला १९१ जागा मिळाल्या. पराभूत शुल्त्स यांनी पीपल्स पार्टीचे उमेदवार व प्रतिस्पर्धी झां-क्लोद युंकर यांच्याच निवडीचा आग्रह धरला. परिषदेत ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन व हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचा विरोध अपुरा पडला आणि १५ जुलै रोजी युंकर ४२२ मतांनी निवडून आले. तत्पूर्वी १ जुलै रोजी शुल्त्स पुन्हा संसदेचे अध्यक्ष झाले होते; १९७९ मध्ये थेट निवडणुका सुरू झाल्यापासून लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलेले ते पहिलेच. २०१५ मध्ये त्यांना यूरोपीय ऐक्याच्या कार्यासाठी दिले जाणारे आखेनचे शार्लमेन पारितोषिक मिळाले. २०१९ मध्ये परिषदेने कोणत्याही पक्षाच्या उमेदवार नसलेल्या उर्सुला फॉन डेर लायन यांचे नाव सुचविले, तेव्हा २०१४ चा पायंडा बंधनकारक नसल्याचे उघड झाले.

मार्च २०१७ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड शंभर टक्के वैध मतांनी झाली. सप्टेंबरच्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत मात्र पक्षाला केवळ २०.५ टक्के मते पडली. डिसेंबरमधील पक्षाधिवेशनात त्यांनी २०२५ पर्यंत ‘यूरोपची संयुक्त संस्थाने’ उभारण्याची मागणी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. डिसेंबर २०२० मध्ये पक्षाशी निगडित फ्रीड्रिख एबर्ट प्रतिष्ठानाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली.