कंट्रोल-सी दाबल्यावर नेमकं काय साठतं?

‘कंट्रोल-सी केलेला मजकूर कोणतीही वेबसाइट चोरू शकते, पासवर्ड कधीच कॉपी करू नका’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतो आहे. तो अगदीच निराधार नाही, पण शिळा आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये वेबपानावरची स्क्रिप्ट (पानात दडलेला छोटा प्रोग्रॅम) क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं ती जागा, बेधडक वाचू शकत असे. आवृत्ती ७ पासून तो ब्राउझर आधी विचारू लागला आणि आजचे ब्राउझर तर वापरणाऱ्याच्या संमतीशिवाय वाचूच देत नाहीत. जपायचं असेल तर स्वतः इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमांपासून जपा. विंडोजवर चालू असलेला कुठलाही साधा प्रोग्रॅम क्लिपबोर्ड वाचू शकतो आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पण हा क्लिपबोर्ड म्हणजे तरी काय? एका कप्प्यात एक वस्तू, अशी आपली समजूत असते. वर्डमधून ठळक ठशातला ‘नमस्कार’ कॉपी केला की वर्ड आधी क्लिपबोर्ड रिकामा करतो, त्याची मालकी घेतो आणि एकाच मजकुराची अनेक रूपं तिथे मांडतो: एचटीएमएल (वेबपानांची मांडणी), आरटीएफ (ठळकपणा, फॉण्ट वगैरे सांभाळणारं रूप), नुसता युनिकोड मजकूर (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत), आणखीही काही. पेस्ट करणारा प्रोग्रॅम ही यादी पाहून आपल्याला झेपेल ते रूप उचलतो. नोटपॅड नुसता मजकूर घेतो, म्हणून तिथे ठळकपणा गळतो. ईमेल लिहिताना एचटीएमएल घेतलं जातं, म्हणून परका फॉण्ट आणि रंगही चिकटून येतात. ते नको असतील तर बऱ्याच ब्राउझरांमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालतं.

खरी गंमत पुढे आहे. ही सगळी रूपं लगेच तयार करायची गरज नसते. मालक प्रोग्रॅम एखाद्या रूपाच्या जागी काहीच न ठेवता ‘मागितलंत की देतो’ एवढाच वायदा नोंदवू शकतो. कुणी पेस्ट केलं की विंडोज मालकाला निरोप धाडतं आणि तो तेव्हा ते रूप बनवून देतो. मोठा तक्ता कॉपी करताना याने बराच वेळ आणि मेमरी वाचते. मालक रीतसर बंद होत असेल तर ‘उरलेले वायदे पुरे कर’ असा निरोप त्याला आधी मिळतो. टास्क मॅनेजरमधून त्याला मारला, तर वायदेही त्याच्याबरोबर गेले! लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ या व्यवस्थेत तर सगळा कारभारच असा. मजकूर मूळ प्रोग्रॅमपाशीच राहतो आणि कॉपी केलेलं वेगळं जपून ठेवणारा क्लिपबोर्ड मॅनेजर चालू नसेल, तर प्रोग्रॅम बंद केल्यावर पेस्टला काहीच उरत नाही.

फाइलींचंही तसंच. चार जीबीचा सिनेमा पेनड्राइव्हवरून कॉपी केला तरी क्लिपबोर्डवर फक्त त्याचा पत्ता जातो. पेस्ट करण्याआधी पेनड्राइव्ह काढलात तर हाती काही लागत नाही. ‘कट’ केलेली फाइलही पेस्ट होईपर्यंत जागची हलत नाही.

आता देवनागरीची दुखणी. विंडोजच्या एचटीएमएल रूपाला एक मथळा असतो. मजकूर कितव्या बाइटला (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं एकक) सुरू होतो आणि कितव्याला संपतो, ते त्यात आकड्यांत लिहायचं असतं. हे रूप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, असतं, त्यामुळे इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नमस्कार’मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. प्रोग्रॅमरने बाइटांऐवजी चिन्हं मोजली तर शेवट ७ वर येतो आणि पेस्ट होतं ‘नम’ अन् पुढे एक फुटकं चिन्ह. इंग्रजीवर चाचणी घेतली तर ही चूक दिसतच नाही.

जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी पेस्ट केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, कारण तो युनिकोडपूर्व रूप मागतो आणि त्या रूपात देवनागरीला जागाच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला मजकूर व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांचा कचरा होऊन येतो, कारण आतले सांकेतिक अंक आधीपासूनच रोमन अक्षरांचे असतात, मराठी दिसते ती फॉण्टच्या करणीने. तिथे असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टरच लागतो.

पीडीएफमधून ‘पहिला’ कॉपी केल्यावर ‘पिहला’ येतो, तेव्हाही क्लिपबोर्ड निर्दोष असतो. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या चितारल्या त्या क्रमाने असतात. ऱ्हस्व वेलांटी ‘ह’च्या आधी चितारली जाते, युनिकोडमध्ये मात्र ती ‘ह’नंतर यायला हवी. जोडाक्षराच्या आकृतीला युनिकोडची नोंदच नसेल तर ते गळूनही पडतं. अशा पीडीएफवर वेलांट्या हाताने सारत बसण्यापेक्षा पानाची प्रतिमा काढून तिचं ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, लवकर उरकतं.