लिनक्स, विंडोज आणि रिमोट बिल्ड: दोघांना एका एसएसएचवर यायला इतका वेळ का लागला

एकाच कोडचा बिल्ड (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम) दूरच्या लिनक्स मशीनवरही काढायचा आणि विंडोजवरही, तर आज दोन्हीकडे एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करून कमांड चालवायच्या साधनाने, शिरता येतं. ही सोय मात्र अगदी अलीकडची.

युनिक्सवाल्यांना दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणं १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून सोपं झालं. त्यातल्या आरएसएच या कमांडला पासवर्डही लागत नसे. समोरच्या मशीनवरच्या 'डॉट आरहोस्ट्स' फाइलमध्ये नाव असलं की काम झालं. सगळा मजकूर नेटवर्कवरून उघडा जायचा, हा त्याचा प्रसिद्ध दोष. बिल्डवाल्यांना नडायचं ते वेगळंच. पलीकडे कंपाइल फसलं तरी आरएसएच खुशाल शून्य, म्हणजे 'सगळं ठीक' असा एक्झिट कोड (कमांड संपताना यश-अपयश सांगणारा आकडा), परत करायचं. मग स्क्रिप्टच्या शेवटी खरा एक्झिट कोड छापायचा आणि अलीकडे तो आउटपुटमधून ग्रेप या शोधायच्या कमांडने हुडकायचा.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला आणि तिथल्या तातू यूलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. कौतुक होतं ते त्याच्या एन्क्रिप्शनचं, पण पलीकडचा एक्झिट कोड ते जसाच्या तसा आणून देतं, हे बिल्डसाठी तितकंच मोलाचं. १९९९ मध्ये एसएसएचची मुक्त आवृत्ती ओपनएसएसएच आली आणि युनिक्सपुरता प्रश्न मिटला.

विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे मार्क रसिनोविच यांचं पीएसएक्झेक चालायचं: समोरच्या मशीनच्या ॲडमिन शेअरवर एक एक्झी टाकायची, ती सर्व्हिस म्हणून सुरू करायची आणि तिच्याकरवी कमांड चालवायची. जुगाडच, पण भरवशाचा. काहीजण सिगविन, म्हणजे विंडोजवर युनिक्सची साधनं चालवणारं पॅकेज, टाकून एसएसएच चालवत. मायक्रोसॉफ्टचं कमांड-शेल पॉवरशेल २००६ चं, त्यातलं विनआरएम या विंडोजच्या स्वतःच्या रिमोट सेवेवरचं रिमोटिंग २००९ चं. २०१४ मध्ये अनेक मशीन एकत्र सांभाळणारं ॲन्सिबल विंडोजकडे वळलं तेही विनआरएमवरूनच. हडसन या बिल्ड-सर्व्हरने, म्हणजे पुढच्या जेनकिन्सने, जावाचा एजंट (मशीनवर बसून काम करणारा छोटा प्रोग्राम) वापरला. तो विंडोज मशीनवरून स्वतःच सर्व्हरला जोडून घेऊ शकतो, त्यामुळे बाहेरून लॉगिन करायची गरजच उरत नाही.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल टीमने एसएसएचला पाठिंबा जाहीर केला. आधी दोनदा हा प्रस्ताव मांडून नाकारला गेला होता, हेही त्यांनी तेव्हा सांगितलं. २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत आणि सर्व्हर २०१९ मध्ये ओपनएसएसएच सर्व्हर अधिकृतपणे मिळू लागला.

तरी विंडोजमध्ये आत शिरल्यावर समोर येतं ते सीएमडी हे विंडोजचं जुनं शेल, लिनक्सचं बॅश नव्हे. त्यामुळे लिनक्सवर चालणारे सिंगल कोट तिथे निव्वळ अक्षरं ठरतात. ॲडमिन खात्याची किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी एसएसएच की) होम फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही. प्रोग्रामडेटाखालच्या एसएसएच फोल्डरात वेगळी फाइल असते, आणि तिच्या परवानग्या चुकल्या तर किल्ली नाकारली जाते. उलट दिशेला विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडते, कारण पहिल्या ओळीच्या टोकाला न दिसणारा कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोजच्या ओळीच्या शेवटी येणारं जादा चिन्ह, चिकटलेला असतो.