इंधन टाकी रिकामी करणे

मोटारगाडीच्या टाकीतले पेट्रोल किंवा डिझेल न सांडता, आग न लागू देता बाहेर काढण्याचे काम. गॅरेजात याला ‘टाकी खाली करणे’ म्हणतात. टाकी गळू लागली, पाणी शिरले, किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी राहून पेट्रोलला व्हार्निशसारखा वास यायला लागला की ही वेळ येते. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले तरीही. ते पंपावरच लक्षात आले तर चावी फिरवू नये; कॉमन रेल इंजिनाच्या (सामाईक नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) उच्चदाब पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. गाडी ढकलत बाजूला घेतली तर बहुधा टाकी धुण्यावर भागते.

पेटते ती वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ सुटते. हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साठते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. खड्ड्यात उतरून हँडलॅम्प लावणे म्हणूनच जिवावरचे. बल्ब फुटला की झाले. काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून करतात आणि पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवतात.

नळी तोंडाने ओढण्याची जुनी सवय सोडावी हे बरे. घोट फुफ्फुसात उतरला तर रासायनिक न्यूमोनिया होतो. पोटात गेला तर उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा. बऱ्याच नव्या गाड्यांत भरण्याच्या नळीत झडप असल्याने पाइप आत जातही नाही. मग मागची सीट उचलून, तिच्याखालचे झाकण काढून, पंपाच्या तोंडातून हातपंपाने इंधन उपसतात. डबा धातूचा, जमिनीवर टेकवलेला आणि गाडीच्या सांगाड्याशी तारेने जोडलेला असावा. वाहत्या पेट्रोलमुळे घर्षणाने स्थितिक वीज साठते आणि तिची ठिणगी पडू शकते. प्लॅस्टिकची बादली यासाठी सर्वांत वाईट, आणि नेमकी तीच पुढे केली जाते.

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. बऱ्याच लहान मोटारींची भरलेली टाकीही हा आकडा ओलांडते.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. वेल्डिंगआधी ती पाण्याच्या वाफेने किंवा गरम पाण्याने धुतात. जाणता वेल्डर त्यानंतरही ती पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून, डागायची जागा तेवढी वर ठेवतो.