वीरगळ की गधेगळ?

ठाणे जिल्ह्यातल्या गावांत देवळामागे, तळ्याकाठी किंवा शिवेवर अर्धा रुतलेला काळा दगड दिसतो. वर चंद्र-सूर्य, खाली काहीतरी कोरलेलं. लोक त्याला ‘वीर’ म्हणून शेंदूर लावतात आणि फोटो काढणारे ‘वीरगळ’ लिहून मोकळे होतात. पण हा दगड मेलेल्या वीराचं स्मारक, म्हणजे वीरगळ, असू शकतो, तसाच जमिनीच्या दानाचा कागद, म्हणजे गधेगळही.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला किंवा लढत असलेला. शेजारी गाई असतील, तर तो गोधन राखताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, माथ्यावर कलश. चौकटी बहुधा तीन-चार. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगांसकट गलबतांची लढाई आहे. लेख मात्र फार थोड्या वीरगळांवर असतो, म्हणून वीराचं नाव सहसा हाती लागत नाही. (कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.)

गधेगळ वरून खाली वाचायचा: चंद्र-सूर्य, मग लेख, तळाशी स्त्रीवर चढलेलं गाढव. ‘हे दान मोडेल त्याच्या आईला...’ ही शिवी आहे, अक्षर न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात कोरलेली. उत्तर कोकणात शिलाहार राजांच्या काळातले असे दगड बरेच आहेत; अलिबागजवळचा अक्षीचा आणि मुंबईतला परळचा लेख गधेगळावरचेच. इथे चंद्र-सूर्याचा अर्थ ‘आचंद्रार्क’, म्हणजे ते असेतोवर दान चालू. वीरगळावर ते वीराच्या कीर्तीसाठी.

गफलत बहुतेक वेळा बुडाशी होते. तळ मातीत गेला की गधेगळाचं गाढव आणि वीरगळाची लढाई, दोन्ही दिसेनाशी होतात. झिजलेलं गाढव घोडाही वाटतं. तरी पहार घेऊन उकरू नका. दगड हलला की तो मुळात कोणत्या शेताच्या, कोणत्या शिवेच्या कडेला होता हा पुरावा जातो. गधेगळाच्या बाबतीत तर तीच अर्धी माहिती.

अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा ऑइलपेंट फासणं हा सगळ्यात वाईट उपाय. रंग अक्षरांच्या खाचेत बसतो, खरवडताना कडा जातात. त्यापेक्षा अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून सपाट दिसणारी ओळ सावलीने उठून येते. चारही बाजूंनी प्रकाश फिरवून फोटो घ्या, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा. लेखात शके वाचता आलं तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. तिथी पौष ते फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९.