रक्तवाहिनी की चेतातंतू? जुनाट मायग्रेनच्या संशोधनाची पार्श्वभूमी

मायग्रेनच्या संशोधनातली मूळ अडचण ही, की बोट ठेवून दाखवता येईल असं रुग्णाच्या मेंदूत काही सापडतच नाही. पक्षाघातात मेंदूचा एखादा भाग मरतो, गाठ असेल तर ती स्कॅनवर दिसते. मायग्रेनमध्ये मात्र दोन दिवस अंधाऱ्या खोलीत उलट्या काढलेल्या माणसाचा एमआरआय बहुतेक वेळा साफ येतो. रक्त तपासूनही निदान होत नाही. डॉक्टरांची भिस्त आजही रुग्ण जे सांगतो त्यावरच असते. जगभरात १०० कोटींहून अधिक लोकांना छळणाऱ्या या दुखण्याच्या कारणाबद्दल म्हणूनच फार काळ अंदाज बांधले गेले, आणि ज्याच्या हाती जे मोजायचं साधन होतं, त्याला कारणही तिथेच दिसलं.

वाद जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या थॉमस विलिस यांनी डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगल्याने हे दुखतं असं मांडलं. पुढे १८७३ या एकाच वर्षी दोन इंग्रज डॉक्टरांची दोन पुस्तकं आली. पीटर लॅथम यांनी रक्तवाहिन्यांची बाजू घेतली: आधी त्या आक्रसतात, मग सैल पडतात. एडवर्ड लिव्हिंग यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते मायग्रेन हे अपस्माराशी नातं सांगणारं चेतासंस्थेतलं वादळ होतं. लिव्हिंग सत्याच्या जास्त जवळ होते. पण त्या काळी मेंदूतलं वादळ मोजायची सोय नव्हती, आणि कानशिलावरची नाडी कुणालाही उडताना दिसत होती.

ही नाडीच पुढची चाळीसेक वर्षं भाव खाऊन गेली. न्यूयॉर्कमध्ये हॅरोल्ड वुल्फ आणि जॉन ग्रॅहॅम यांनी मायग्रेन चालू असलेल्या रुग्णांच्या कानशिलावरच्या धमनीचे ठोके यंत्राने नोंदवले आणि शिरेतून अर्गोटामिन दिलं. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून हे द्रव्य १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल यांनी वेगळं केलं होतं आणि मायग्रेनवर ते चालतं हे एव्हाना माहीत झालं होतं. आलेखावर ठोक्यांची उंची घसरत गेली, आणि रुग्णांचं दुखणंही त्याच सुमारास उतरत गेलं. १९३८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन रेषा एकत्र खाली येताना पाहून धमनी फुगते म्हणून डोकं दुखतं, असा निष्कर्ष निघाला. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे वुल्फ यांच्यासारख्या काटेकोर माणसाला ठाऊक नसेल असं नाही. पण आलेख फार सुबक होता.

वुल्फ यांचंच दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. शल्यचिकित्सक ब्रॉन्सन रे यांच्यासोबत त्यांनी, फक्त जागा बधिर करून कवटी उघडलेल्या जाग्या रुग्णांना विचारत विचारत, कुठे स्पर्श केला की दुखतं याचा नकाशा तयार केला. मेंदूच्या पेशींना टोचलं तरी रुग्णाला पत्ता नसायचा. मेंदूवरचं जाड आवरण आणि त्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या यांना धक्का लागला की मात्र डोकं दुखायचं. १९४० च्या या नकाशावर आजचा सिद्धांतही उभा आहे. दुर्दैवाने वुल्फ यांनी 'मायग्रेनचा स्वभाव' ही कल्पनाही रुजवली: महत्त्वाकांक्षी, ताठर, सगळं नीटनेटकं लागणारी माणसं. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, त्यामुळे दुखणं स्वभावावर ढकलण्याचा हा सोयीस्कर रस्ता कुणाच्या माथी आला हे वेगळं सांगायला नको.

त्याच दशकात दुसऱ्या बाजूचा पुरावा दोन भलत्याच वाटांनी आला. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना स्वतःला मायग्रेन होता. दुखणं सुरू होण्याआधी काही रुग्णांना डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात आणि त्यांच्या मागोमाग एक आंधळा ठिपका सरकत जातो. याला ऑरा म्हणतात. लॅशली हा ठिपका सरकत असताना कागदावर त्याच्या कडा आखत राहिले. दृष्टीच्या केंद्राचा आकार धरून त्यांनी हिशेब केला, की मेंदूत जे काही पसरतंय ते मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने जात असलं पाहिजे. हे १९४१ मध्ये छापून आलं. तीन वर्षांनी, हार्वर्डमध्ये अपस्मारावर काम करणारे ब्राझीलचे तरुण संशोधक अरिस्टिडीस लेआंव सशाच्या मेंदूला विजेचे झटके देत होते. अपेक्षा होती ती झटक्याच्या लाटेची, पण विद्युत हालचाल उलट मंदावली, आणि ही शांतता शेजारच्या भागात हळूहळू पसरत गेली. तिचाही वेग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटरच होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पीटर मिल्नर यांनी ते एकाच घटनेचे असावेत असं लिहिलं, तोवर १९५८ उजाडलं होतं.

माणसात हे दिसायला आणखी वेळ लागला. १९८१ मध्ये कोपनहेगनच्या येस ओलेसन यांच्या गटाने किरणोत्सारी झेनॉन वापरून ऑरा चालू असताना मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. तो मागून पुढे हळूहळू कमी होत गेला, आणि कोणती धमनी कोणत्या भागाला रक्त देते या हद्दी त्याने पाळल्याच नाहीत. धमनी आक्रसल्याने हे घडत असतं तर तिच्या हद्दीबाहेर ते जाताच ना. बॉस्टनमध्ये नुशीन हाजीखानी यांच्या गटाला २००१ मध्ये असा एक रुग्ण मिळाला, की बास्केटबॉल खेळला की त्याला ऑरा यायचा. त्याला खेळवून थेट एमआरआय यंत्रात झोपवलं गेलं. लाट दिसली, वेग मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर. सशातली लाट माणसात ओळखू आली.

पण ऑरा सगळ्यांना येत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच येतो. दुखण्याचं कोडं तसंच राहिलं. १९७९ मध्ये मायकेल मॉस्कोविट्झ यांनी रक्तवाहिनी की चेतातंतू हा प्रश्नच बदलून टाकला. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या चेतेचे बारीक तंतू गुंडाळलेले असतात. हे तंतू चेतवले की त्यांच्या टोकांतून पेप्टाइड नावाचे छोटे रेणू झरतात. रक्तवाहिनी फुगते ती त्यामुळे, म्हणजे फुगणं हा परिणाम आहे. पहिला संशय 'सबस्टन्स पी' या पेप्टाइडवर होता. त्याला अडवणारी औषधं प्राण्यांवर उत्तम चालली आणि रुग्णांवर सपशेल पडली.

खरा आरोपी वेगळ्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. १९८२ मध्ये अमेरिकेत उंदरांमधल्या कॅल्सिटोनिन या थायरॉइडच्या संप्रेरकाच्या जनुकाचा अभ्यास चालू असताना, तेच जनुक चेतापेशींमध्ये वाचलं जातं तेव्हा निराळंच पेप्टाइड तयार होतं हे लक्षात आलं. त्याला कॅल्सिटोनिन जीन रिलेटेड पेप्टाइड, थोडक्यात सीजीआरपी, असं नाव पडलं. स्वीडनमधल्या लुंडच्या लार्स एडविन्सन यांना ते डोक्यातल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या तंतूंमध्ये ठासून भरलेलं आढळलं. त्यांनी आणि ऑस्ट्रेलियाच्या पीटर गोड्सबी यांनी एक साधा प्रयोग केला. मायग्रेन ऐन भरात असताना रुग्णाच्या केवळ हातातून नव्हे, तर मानेतूनही, डोक्याकडून परतणारं रक्त आणणाऱ्या शिरेतून नमुना घेतला. मानेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं होतं. सबस्टन्स पी वाढलेलं नव्हतं. १९९० चा हा शोधनिबंध आहे. नमुना कुठून घ्यायचा हे सुचणं, हीच यातली खरी बुद्धी.

दरम्यान औषधांच्या बाजूला एक गंमत झाली. पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने ग्लॅक्सो कंपनीत १९७२ पासून डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळणारं, पण हृदयाच्या वाहिन्यांना शक्यतो हात न लावणारं द्रव्य शोधायला सुरुवात केली. अर्थात वुल्फ यांच्याच विचारावर विसंबून. त्यातून सुमाट्रिप्टान निघालं, १९९१ मध्ये बाजारात आलं आणि लाखो लोकांना त्याने आराम दिला. पण ते दिल्यावर मानेतल्या रक्तातलं सीजीआरपीही खाली येतं, हे पुढे दिसलं. २०१३ मध्ये कोपनहेगनच्या एका अभ्यासात मायग्रेन चालू असताना स्कॅन केले, तर कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लास्मिडिटान रक्तवाहिन्या आवळत नाही, तरीही दुखणं थांबवतं. सिद्धांत चुकीचा आणि औषध बरोबर, असा हा प्रकार. अर्गोटामिनच्या आलेखाने जी गल्लत केली तिची दुरुस्ती व्हायला पाऊण शतक लागलं.

आणखी एक पुरावा हवा होता: सीजीआरपी बाहेरून दिलं तर मायग्रेन येतो का? उंदीर डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही, त्यामुळे डॅनिश गटाने स्वेच्छेने तयार झालेल्या रुग्णांच्याच शिरेत ते सोडलं. २००२ च्या त्या प्रयोगात काहींना काही तासांनी नेहमीच्या मायग्रेनसारखा त्रास झाला. आपल्याला झटका यावा म्हणून प्रयोगशाळेत हात पुढे करणाऱ्या या माणसांची नावं कुठे छापली जात नाहीत. या क्षेत्राचा निम्मा पाया त्यांच्यावर आहे.

त्यानंतर सीजीआरपी अडवणारी औषधं आली, पण सरळ आली नाहीत. २००४ मध्ये शिरेतून देण्याच्या ओल्सेजेपंटने कल्पना खरी ठरवली. टेल्काजेपंटची गोळी यकृतावर परिणाम होत असल्याने २०११ मध्ये सोडून द्यावी लागली. मग प्रतिपिंडांची इंजेक्शनं तयार झाली. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेत एरेनुमॅबला मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी आणखी दोन आली. गोळ्या २०१९ च्या अखेरीस परतल्या. ओलेसन, मॉस्कोविट्झ, एडविन्सन आणि गोड्सबी यांना २०२१ चा ब्रेन प्राइज हा मेंदूसंशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला.

जुनाट मायग्रेनची कथा या सगळ्याला समांतर आणि बरीच दुर्लक्षित राहिली. १९८८ मध्ये डोकेदुखीचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झालं त्यात त्याला जागाच नव्हती. महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखणारी माणसं औषधांच्या चाचण्यांतून सर्रास वगळली जायची. ह्यूस्टनमधल्या निनान मॅथ्यू यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं, की यातल्या अनेकांचा आजार आधी साधा, अधूनमधून येणारा मायग्रेनच होता. वर्षागणिक तो बदलत गेला. २००४ च्या वर्गीकरणात जुनाट मायग्रेन हे नाव आलं. आजची व्याख्या अशी: तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे.

हा बदल का होतो, याचं सगळ्यांत पटणारं उत्तर वेदनेच्या सर्वसाधारण संशोधनातून आलं. क्लिफर्ड वुल्फ यांनी (हे वेगळे वुल्फ) १९८३ मध्ये दाखवलं, की वेदनेचा मारा सतत होत राहिला तर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. बॉस्टनमध्ये रामी बर्स्टीन यांनी २००० मध्ये मायग्रेनच्या रुग्णांत हेच मोजलं. झटक्याच्या वेळी केस विंचरणं, चष्म्याची काडी टेकणं, उशीवर गाल ठेवणं यांनीही त्यांना दुखत होतं. ही तक्रार रुग्ण पूर्वीपासून करत होते. ती नाजूकपणात जमा होत होती, एवढंच.

वेदनाशामकांचा अतिरेक हे दुसरं कारण. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या जातीची औषधं) १० दिवस घेणाऱ्यांचं डोकं त्या गोळ्यांनीच जास्त दुखू शकतं. तिसरा धागा हायपोथॅलॅमसचा, म्हणजे झोप आणि भूक यांची घडी सांभाळणाऱ्या मेंदूच्या खोल भागाचा. हॅम्बुर्गच्या लॉरा शुल्टे आणि आर्ने मे यांनी एका रुग्णाला ३० दिवस रोज स्कॅन केलं. दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच तिथली हालचाल वाढलेली होती. एका माणसावरचा अभ्यास म्हणून तो बाजूला सारता येतो खरा, पण झटक्याआधी जांभया आणि खाखा सुटते, हे रुग्णांचं सांगणं त्याने नकाशावर आणलं.

जुनाट प्रकारावर खास मान्यता मिळालेलं पहिलं औषध योगायोगानेच हाती आलं. सुरकुत्यांसाठी बोट्युलिनम विषाची (बोटॉक्सची) इंजेक्शनं घेणारे लोक नव्वदच्या दशकात डोकं दुखायचं थांबल्याचं सांगू लागले. २०१० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनंतर त्याला मान्यता मिळाली: डोकं, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी, दर १२ आठवड्यांनी. स्नायू सैल करणं हा त्याचा मुख्य गुण नव्हे. चेतातंतूंच्या टोकांतून सीजीआरपीसारखी द्रव्यं सुटू न देणं, हे त्याचं इथलं काम असावं असं मानलं जातं.

या शोधांचा उपयोग मायग्रेनपुरता राहिलेला नाही. लेआंव यांची लाट २००२ पासून मार लागलेल्या मानवी मेंदूतही नोंदवली गेली आहे. पक्षाघात आणि मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात ती नुकसान वाढवते, म्हणून अतिदक्षता विभागात तिच्यावर लक्ष ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हळव्या झालेल्या वेदनामार्गांची कल्पना फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या आजारापासून आतड्याच्या दुखण्यापर्यंत वापरली जाते. गॅल्कानेझुमॅब हे सीजीआरपीवरचं प्रतिपिंड २०१९ मध्ये क्लस्टर डोकेदुखीसाठी (एका डोळ्याभोवती झटक्यांनी उठणाऱ्या तीव्र डोकेदुखीसाठी) मान्य झालं, पण गुडघ्याच्या संधिवातात त्याचा गुण आला नाही. म्हणजे हा रेणू सगळ्याच वेदनांचा सूत्रधार नाही.

जनुकांकडून आलेली माहितीही वादाचा निकाल एका बाजूने देत नाही. अर्धांगासह येणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक मायग्रेनमधलं पहिलं जनुक १९९६ मध्ये सापडलं, ते चेतापेशींच्या कॅल्शियम वाहिनीचं, म्हणजे पेशीत कॅल्शियम आत घेणाऱ्या दाराचं. सर्वसाधारण मायग्रेनवर २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा मिळाल्या. त्यांतल्या काही रक्तवाहिन्यांशी निगडित आहेत, काही चेतापेशींशी. लॅथम आणि लिव्हिंग दोघांनाही थोडं थोडं मिळालं.

आणि जुनाट मायग्रेनमध्ये नवी औषधंही सगळ्यांना लागू पडत नाहीत. एरेनुमॅबच्या २०१७ च्या चाचणीत दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले ते सुमारे ४० टक्के रुग्णांचे; नकली इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. उरलेल्यांसाठी पीएसीएपी या दुसऱ्या पेप्टाइडकडे लक्ष वळलं आहे. आधीच्या दोन ते चार प्रतिबंधक औषधांचा उपयोग न झालेल्या रुग्णांवर त्याविरुद्धचं प्रतिपिंड वापरून पाहिलं, त्याचा निकाल २०२४ मध्ये आला: महिन्याला मायग्रेनचे सरासरी ६.२ दिवस कमी, नकली औषधावर ४.२. म्हणजे फरक दोन दिवसांचा.